वाणातली मच्छरदाणी

मच्छरदाणी वाण म्हणून द्यायची, ही कल्पना माझी. दुसऱ्या कोणाची असती तर इतक्या वर्षांत मी ती तिच्यावर ढकलून कधीच मोकळी झाले असते. तेवढी हुशारी माझ्यात आहे. पण नाही. कल्पना माझी, भाषण माझं, त्यातले शब्दही माझेच, आणि त्या शब्दांनीच ऐन वेळी माझं तोंड बंद केलं.

आत्ता हे लिहायला बसण्याचं कारण माझी नात. तिच्या कॉलेजातली मुलं आफ्रिकेतल्या खेड्यांना मच्छरदाण्या पाठवण्यासाठी वर्गणी गोळा करताहेत. तिकडे अजून मलेरियाने लहान मुलं जातात. नातीने एक मोठा रंगीत कागद माझ्यासमोर धरला. त्यावर पाच-सहा वर्षांच्या एका मुलीचा फोटो, मोठे मोठे डोळे, आणि खाली मदतीचं आवाहन. "आजी, तूही तरुणपणी असं काम केलं होतंस ना? बाबा सांगत होते. आमच्या कार्यक्रमात दहाच मिनिटं बोल," ती म्हणाली. मी वर्गणी दिली आणि घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. त्याच सकाळी भाजीवाल्याशी मी यथेच्छ भांडले होते. नात बिचारी माझ्यासाठी हळद घातलेलं दूध घेऊन आली आणि ते मला प्यावं लागलं.

ही गोष्ट पन्नास सालानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांतली. लग्न होऊन मी पिंपरीला आले तेव्हा तिथे माळरान, बाभळी, रेल्वेचे रूळ आणि मधेच उगवलेल्या नव्या कोऱ्या कॉलन्या, एवढंच होतं. यजमान कारखान्यात कारकून. कॉलनीतल्या आम्ही सगळ्या बायका कुठून कुठून आलेल्या, कोणी नगरची, कोणी रत्नागिरीकडची, कोणी पार लातुराहून. सकाळी भोंगा झाला की पुरुष जात आणि दोन खोल्यांचं घर झाडायला किती वेळ लागणार? मग रिकामा वेळ सत्कारणी लावायला महिला मंडळ निघालं. एका मोठ्या साहेबांच्या पत्नी अध्यक्ष झाल्या. मी मॅट्रिक झालेली, अक्षर वळणदार आणि जीभ त्याहून वळणदार, म्हणून मला चिटणीस केलं. त्या पदाचा मला केवढा अभिमान होता, ते आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

कॉलनीचे डॉक्टर पंधरवड्यातून एकदा जीप घेऊन चाकणच्या बाजूच्या खेड्यांत औषधं द्यायला जात. त्या भागात हिवतापाचा फार जोर. पावसाळा सरला की घरटी एकजण तरी वाकळा पांघरून कुडकुडत पडलेला असे. पुरुष डॉक्टरपुढे खेड्यातल्या बायका तोंड उघडत नसत, म्हणून त्यांना लिहितीवाचती एक बाई बरोबर हवी होती. मी गेले. भोसरी मागे पडली, मोशीपाशी इंद्रायणी ओलांडली, की पुढे निघोजे गावापर्यंत बैलगाडीचा रस्ता. जीप अशी उडायची की डॉक्टरांच्या बाटल्या आणि माझे दात एकाच सुरात वाजत.

सरकारी फवारणीवालेही त्या गावांतून फिरत. घराच्या भिंतींवर डीडीटी मारायचे आणि दारावर खडूने तारीख लिहायचे. बायकांना फवारा आवडायचा, कारण त्याने ढेकूण मरायचे. पण दिवाळी आली की त्याच बायका त्याच भिंतींवर पांढऱ्या मातीचा पोतारा देऊन मोकळ्या. औषध गेलं मातीखाली, डास पुन्हा भिंतीवर. मी एकीला रागावले तर ती शांतपणे म्हणाली, "दिवाळीला भित तशीच ठिवली तर लोक काय म्हनतील, बाई?" मी घरी येऊन यजमानांना ही गोष्ट नक्कल करून सांगितली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

ही जी पोतारा देणारी, तिचीच ही गोष्ट. माझ्याच वयाची असेल, बावीस-तेवीसची. निघोज्याच्या कडेला ओढ्याकाठच्या चार-पाच घरांतलं शेवटचं घर तिचं. कपाळ पांढरं. नवरा त्याच पावसाळ्यात गेला होता. तीन दिवस थंडीताप, चौथ्या दिवशी बरळायला लागला, पाचव्या दिवशी संपलं. जमिनीचा एक तुकडा होता, तो तिचे दीर बघत. नवरा खोदाईच्या कामाला जायचा. कुठे, म्हणून विचारलं तर म्हणाली, "पिंपरीला. तुमच्या त्या नव्या घरांचं पाये खंदायला." पहाटे भाकरी बांधून चालत निघायचा आणि दिवेलागणीला चालत परत. मागे एक मुलगी, चार वर्षांची. तिचंही पोट डाव्या बाजूला टणक लागत होतं. डॉक्टर म्हणाले, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय, हिला वरचेवर ताप येत असणार. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "हिला डास चावायला नकोत. मच्छरदाणीत झोपव."

तिने मच्छरदाणी हा शब्दच ऐकला नव्हता. मी हातांनी चारी बाजू दाखवून समजावलं. ती म्हणाली, "म्हंजी जाळी. कुठं मिळती?" पुण्याला मिळते, मी म्हणाले. पुणं तिने पाहिलेलं नव्हतं.

परतताना जीपमध्ये माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. मंडळाने मच्छरदाण्या शिवून वाटल्या तर? कापडासाठी वर्गणी काढायची. पुढच्याच बैठकीत मी विषय मांडला आणि काय सांगू, बायकांचे चेहरे असे झाले की जणू मी त्यांच्या पाटल्या मागितल्या. एकीला एकदम वाळत घातलेलं धुणं आठवलं, एकीला यजमानांना विचारायचं होतं. आठ दिवस दारोदार फिरून जेमतेम एका मच्छरदाणीपुरते पैसे जमले, त्यातले निम्मे माझेच. मला राग आला. आणि मला राग आला की डोकं फार तल्लख चालतं, हा माझा जुना दोष आहे.

संक्रांत जवळ आली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवासिनी एकमेकींना वाण लुटतात. कोणी कुंकवाची डबी, कोणी फणी, कोणी पेला. वर्गणीला खळखळ करणारी बाई वाणाला कधी हात आखडत नाही, कारण वाणाचं पुण्य तिच्या स्वतःच्या कुंकवाला लागतं. मी पुढच्या बैठकीत उभी राहिले आणि वर्गणीचा शब्दही काढला नाही. मी त्या बाईची गोष्ट सांगितली. "आपण ज्या घरांत निवांत झोपतो, त्यांचे पाये ज्याने खोदले, त्याचीच बायको आज पांढऱ्या कपाळाने बसलीय," असं मी म्हटलं. मग म्हणाले, "यंदा डब्या-फण्या लुटायच्या नाहीत. प्रत्येकीने एकेका सुवासिनीला मच्छरदाणीचं वाण द्यायचं. तिच्या धन्याला हिवताप होणार नाही, तिचं कुंकू वाचेल. आणि दुसरीचं कुंकू जी वाचवते, तिचं कुंकू देव सांभाळल्याशिवाय राहील का? ही कापडाची जाळी नाही बायांनो, ही कुंकवाची जाळी आहे."

डोळ्यांना पदर लागले. अध्यक्षबाईंनी स्वतःच्या दोन मच्छरदाण्या तिथल्या तिथे जाहीर केल्या आणि मग चढाओढच लागली. मी तीच गोष्ट शेजारच्या दोन कॉलन्यांत जाऊन सांगितली. दर वेळी तिच्यात थोडी भर पडत गेली. पाच दिवसांचा ताप आठ दिवसांचा झाला. नवरा जाताना 'पोरीला जप' म्हणाला, असंही एक वाक्य मी घातलं. ते तो म्हणाला होता की नाही, देव जाणे. बरळणारा माणूस काय म्हणणार? पण त्या वाक्याला बायका हमखास रडत, म्हणून ते राहिलं.

तिला विचारलं नव्हतं असं नाही. पौषात डॉक्टरांबरोबर पुन्हा गेले तेव्हा विचारलं, "तुझी हकीकत मी आमच्याकडे सांगतेय. चालेल ना?" ती पोरीच्या डोक्याला तेल लावत होती. म्हणाली, "सांगा की. माझ्या पोरीला एक जाळी गावली म्हंजी झालं. मला दुसरं काय नगं." मी तिच्या पोरीच्या गालाला हात लावून म्हटलं, "पहिली मच्छरदाणी तुझ्याच घरी येणार. तू फक्त त्या दिवशी अगदी पुढे येऊन बस." हे माझं वचन. यात कोणी काही भर घातलेली नाही.

पुण्याहून जाळीच्या कापडाचे तागे आले. माझ्याकडे शिवणयंत्र होतं, म्हणून सगळं काम माझ्या घरी. महिनाभर आमच्या दोन खोल्यांत पांढऱ्या जाळीचे ढीग. यजमान त्यातून वाट काढत जेवायला बसत आणि म्हणत, "एक दिवस मलाही शिवून टाकशील." बायका दुपारी येऊन काठ दुमडत, कोपऱ्यांना नाड्या लावत, गाणी म्हणत. खरं सांगते, त्या दिवसांइतकी खूश मी क्वचितच असेन. आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटत होतं आणि ते सगळ्यांना दिसतंय, हे त्याहून जास्त आवडत होतं.

रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी कार्यक्रम ठरला. निघोज्याच्या देवळापुढचं अंगण शेणाने सारवून ठेवलं होतं. आम्ही ट्रकमधून गेलो, काळ्या चंद्रकळा नेसून, बरोबर अत्तरदाणी, गुलाबदाणी, तिळगुळाचे डबे आणि मच्छरदाण्यांच्या नीट घड्या. प्रत्येक घडीवर कुंकवाचं बोट टेकवलेलं. गावातल्या बायका ओळीने बसल्या होत्या. आणि सगळ्यांच्या पुढे, मी सांगितल्याप्रमाणे, ती. धुवट लुगडं, पोरीची वेणी तेल लावून घट्ट घातलेली. मला बघून पोर हसली. आईने तिला सांगून ठेवलं असावं, ही जाळीवाली बाई.

मी पायरीवर उभी राहून पुन्हा तेच भाषण केलं. ही कुंकवाची जाळी, तुमचं कुंकू वाचावं म्हणून आम्ही आमच्या कुंकवाला स्मरून आणलीय, वगैरे. समोर ती बसलीय, हे मला दिसत होतं. शब्द मात्र सवयीने येत गेले. तिच्याकडे पाहून एकदाही जीभ अडखळली नाही.

मग हळदीकुंकू लावायला सुरुवात करायची. करंडा माझ्या हातात, घड्या अध्यक्षबाईंच्या हातात. दोन पावलं गेलो आणि अध्यक्षबाई थांबल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, पुढे बसलेली ही कोण? कपाळ बघ तिचं."

मी म्हणाले, "हीच ती. जिची गोष्ट मी सांगते. पहिली मच्छरदाणी हिला द्यायचीय."

"हिला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेण खाल्लंय. "वाण आहे ना ते? विधवेला वाण कसं देणार? बायकांनी आपापल्या कुंकवासाठी दिलेलं आहे. तूच म्हणालीस ना, कुंकवाची जाळी म्हणून? उद्या यातल्या एखादीच्या घरात काही बरंवाईट झालं तर ती कोणाला धरेल?"

मागे उभ्या असलेल्या आमच्या बायकांनी ते ऐकलं.  एकीने आपलं मंगळसूत्र मुठीत धरलेलं मी पाहिलं.

अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. पुढे कॉलनीत बालवाडी काढली ती त्यांनीच, आणि माझ्या बाळंतपणात रोज पेजेचा डबा पाठवला. त्या म्हणाल्या, "तिला आपण नंतर वेगळी देऊ. वाणातली नको." मी मान हलवली. मला त्या वेळी काय म्हणता आलं नसतं? अध्यक्षबाई, ते कुंकवाचं मीच रचलंय, तुमच्याकडून पैसे निघावेत म्हणून. डास कपाळ बघून चावत नाही. ही सगळी खटपट सुरू झाली तीच या पोरीमुळे. यातलं एक वाक्य पुरलं असतं. जिने दोन महिने तीन कॉलन्या बोलून रडवल्या, तिला एक वाक्य सुचलं नाही.

मी करंडा घेऊन पुढे झाले आणि तिच्या शेजारणीपासून सुरुवात केली.

हळद, कुंकू, अत्तराचं बोट, तिळगूळ, मग मच्छरदाणी. शेजारीण आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली. ती स्वतः मात्र समजून चुकली होती. तिने पदर डोळ्यांपर्यंत ओढला, पोरीला काखेत घेतलं आणि बसल्या बसल्याच मागे सरकली, कोणाला आपला स्पर्श होऊ नये अशा बेताने. मी पुढच्या बाईपाशी वाकले तेव्हा ती हळूच म्हणाली, "चुकलंच माझं, बाई. मी म्होरं बसाय नगं व्हतं." म्हणजे तिने माझी माफी मागितली. मी तिथेच करंडा खाली ठेवायला हवा होता. मी काय केलं? मी मान हलवली, जणू तिला माफ करतेय.

देवळाच्या खांबापाशी जाऊन ती शेवटपर्यंत बसली. पोरीने दोनदा उठून आमच्याकडे यायचा प्रयत्न केला, तिने तिला धरून ठेवलं. सगळ्या मच्छरदाण्या संपल्या. शेवटची गावातल्या सगळ्यात मोठ्या घरच्या सुनेला गेली, जिच्या माडीवर पुण्याहून आणलेल्या दोन मच्छरदाण्या आधीच होत्या.

परत येताना ट्रकमध्ये बायका फुगड्यांची गाणी म्हणत होत्या. मोशीच्या पुलावर मला एकदम सुचलं. पोरगी तर कुमारिका होती! कुमारिकेला कुंकू लावतात, कुमारिकेला काहीही देता येतं, अध्यक्षबाईसुद्धा अडवू शकल्या नसत्या. पोरीच्या कपाळाला बोट लावून तिच्या ओंजळीत ती घडी ठेवली असती की झालं असतं. रीत मोडली नसती, कोणी रागावलं नसतं, माझी चिटणिशीही शाबूत राहिली असती. एवढीशी युक्ती, आणि मी स्वतःला तल्लख समजत होते.  एकीने विचारलं, "रडतेस का गं?" मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

आता पुढचं सांगायला हवं, आणि ते आधीच्याहून वाईट आहे. त्या दिवशी मी घाबरले, असं म्हणून निदान स्वतःची समजूत घालता येते. पण नंतर? नंतर मला कोणीच अडवलं नव्हतं.

मंडळाने 'वेगळी' मच्छरदाणी द्यायची ती कधीच दिली नाही, विषयच निघाला नाही. मी उरलेल्या कापडातून चैत्रात घरीच एक शिवली. चांगली झाली होती, कोपरे दुहेरी केले होते. मग पापड-कुरडयांचे दिवस आले. मग माहेरी लग्न निघालं. डॉक्टरांच्या जीपमध्ये दोनदा जागा नव्हती. एकदा होती, पण माझं डोकं दुखत होतं. ते खरंच दुखत होतं का, हे आता मलाही सांगता येणार नाही. तिच्यासमोर जायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेवर मी रोज एक नवं कारण पांघरत होते. पाऊस सुरू झाला, नदीपलीकडचा रस्ता चिखलात गेला आणि मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. श्रावणात नणंद तान्ह्या मुलाला घेऊन राहायला आली. डास फार होते. पेटीतली ती मच्छरदाणी मी काढली आणि नणंदेच्या खाटेवर बांधली. बांधताना एकदा हात थांबला, हे मला आठवतं. पण बांधली.

नणंद दसऱ्यानंतर गेली. मी मच्छरदाणी धुतली, निळीत घातली, इस्त्री करून नव्यासारखी घडी घातली आणि कार्तिकात डॉक्टरांबरोबर निघोज्याला निघाले. बैल गेला नि झोपा केला, म्हणतात तसं. पण मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. उलट, उशिरा का होईना आपण शब्द पाळतोय, असं मनाशी घोकत होते.

पोर दारात पाठमोरी बसून मातीत रेघा ओढत होती. वर्षभरात काही वाढली नव्हती. मी लांबूनच हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. जवळ जाऊन पुन्हा मारली, टाळी वाजवली. ती रेघा ओढत राहिली. मग माझी सावली तिच्या अंगावर पडली तशी दचकून तिने वर पाहिलं, आणि हसली.

आई आतून पिठाचे हात घेऊन आली. म्हणाली, "तिला ऐकू येत न्हाई, बाई. गणपतीच्या टायमाला ताप डोक्यात गेला. चार दिस शुद्धीत नव्हती. वाचली, पन कान गेलं."

डॉक्टरांनी पोरीच्या कानांमागे चुटक्या वाजवून पाहिल्या, डोळे पाहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "याला आता काही इलाज नाही." आणि पुढच्या घराकडे गेले.

मी ती घडी हातात घेऊन उभी. आणि जे बोलू नये तेच बोलले. म्हटलं, "अगं, शेजारणीकडे होती की एक. तिच्यात निजवायचं पोरीला."

"ती बोलावत व्हती की," ती म्हणाली. "रोज बोलवायची. दे म्हनायची पोरीला, माझ्या लेकरांत निजंल. मीच न्हाई दिली."

"का?"

ती माझ्याकडे आश्चर्याने पाहायला लागली, मी मुद्दाम विचारतेय की काय अशी. "आवं, तुमीच म्हनला व्हता न्हवं, ती कुंकवाची जाळी हाय म्हून? तिच्या धन्यासाठनं दिलेली. माझी पोर, बिनबापाची, तिच्यात निजवायची, आन उद्या त्याला काय झालं म्हंजी? तिनं माझ्यावर येवढी माया केली, मी तिचं कुंकू कसं खाऊ?"

 मी उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, "तसं काही नसतं गं. साधं कापड आहे ते. डास आत येऊ नये एवढ्यासाठी. कोणीही झोपावं त्यात. कुंकवाचा काही संबंध नाही, ते मी नुसतं बोलले होते."

तिने माझ्या हातातली मच्छरदाणी घेतली, उलगडली, पोरीच्या अंगावरून घालून उंचीचा अंदाज घेतला. पोर आत हसत होती, जाळीला नाक लावून. आई रागावली नव्हती. रागावली असती तर मी पायाशी पडले असते, रडले असते, हलकी झाले असते. तिने फक्त विचारलं, खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं:

"मंग तवाच तसं का न्हाई म्हनलात, बाई?"

उत्तर मला माहीत होतं. अध्यक्षबाई रागावतील, बायका माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील, माझं भाषण खोटं ठरेल, एवढ्यासाठी मी गप्प बसले होते. तिच्या पोरीचे कान एवढ्याशा कारणाने गेले, हे तिला सांगायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही. डॉक्टरांनी जीपचा भोंगा वाजवला आणि मी उठले.